हुकमाविना उघडलेलं दार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले संचालकसाहेब. वॉर्डातली पाळी बदलून घेऊन खास आपल्यासाठी आलेल्या, व्यासपीठावरच्या माननीय सिस्टर. जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत आणि जी हा निरोप मनापासून घेईल की नाही याची मला शंका आहे, ती आपल्या चाचणी विभागाची प्रमुख. पहिल्या रांगेत बसलेले तिचे यजमान, लेक आणि जावई. आणि जुळणी, चाचणी, पॅकिंग, भांडार, कार्यालय अशा सगळ्या विभागांतून हातातलं काम ठेवून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

व्यासपीठावरून मी एकेरीत बोललो, म्हणून काही भुवया वर गेलेल्या दिसल्या. त्या खाली घ्या. पुढचं सगळं मी ‘काकू’ म्हणूनच आणि अहोजाहोनेच बोलणार आहे. इथे आलो तेव्हापासून तीच सवय आहे.

संयोजकांनी मला दोन गोष्टी बजावल्या आहेत. एक, दहा मिनिटांत आटपा. दोन, आठवणी सांगा, तांत्रिक काही नको, घरची मंडळी आली आहेत. पहिली मी बहुधा पाळणार नाही. दुसरी पाळता येणं शक्य नाही. काकूंविषयी बोलायचं आणि तांत्रिक बोलायचं नाही, म्हणजे सुगरणीचं कौतुक करायचं आणि चुलीचं नाव काढायचं नाही. तेव्हा घरच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं. मी सोपं करून सांगतो. जिथे समजणार नाही तिथे काकूंकडे बघा. त्यांच्या कपाळावर आठी पडली, तर मी चुकीचं सांगतोय असं समजा.

काकूंना आपण पाठीमागे काय म्हणतो हे त्यांना ठाऊक नाही, असा आपल्या सगळ्यांचा गोड गैरसमज आहे. शंकाकाकू. हे नाव कोणी ठेवलं ते मला माहीत आहे आणि तो माणूस आज माझ्या उजव्या हाताला अध्यक्षस्थानी बसला आहे, एवढंच सांगतो. नाव मात्र अगदी चपखल. इतरांकडे एक मीटर असतो, काकूंकडे दोन. दोन्हींनी वेगळा आकडा दाखवला तर खोटं कोण बोलतंय ते ठरवायला कपाटात तिसरा. त्यांच्या यजमानांनी मला मघाशी चहा घेताना सांगितलं की पहिल्या भेटीत काकूंनी त्यांना किती वाजले असं विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. यजमानांचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. ‘तरीही हो म्हणाली, पण अजून ती चार मिनिटं काढते,’ असं ते म्हणाले.

हसायला ठीक आहे. पण मंडळी, अशा माणसाबरोबर एका छताखाली काम करणं म्हणजे काय, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तुम्ही काहीतरी बनवता. चांगलं बनवता. आणि एक बाई ते हातात घेऊन, उलटंपालटं करून, अगदी शांतपणे विचारते, ‘हे असं वागणार नाही कशावरून?’ कशावरून! याला उत्तर असतं का? तरुणपणी मला वाटायचं, या बाईला माणसांवर विश्वासच नाही. चौदा वर्षांपूर्वी जे झालं त्यानंतर मला दुसरंच वाटायला लागलं. ते काय वाटायला लागलं, तेच आज सांगायचं आहे.

जे नंतर रुजू झाले त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपण सिरिंज पंप बनवतो. रुग्णाच्या उशाशी एका खांबावर तो लावलेला असतो. त्यात औषधाने भरलेली सिरिंज बसवतात आणि आतली मोटर तिचा दट्ट्या अगदी मुंगीच्या पावलांनी ढकलते. तासाला दोन मिलिलीटर म्हणजे दोनच. चौदा वर्षांपूर्वी आपला नवा पंप बाजारात गेला. छोटा, हलका, देखणा. त्याच्या आतल्या बोर्डाचं आरेखन माझं होतं. वय एकतीस, पहिलंच स्वतंत्र काम. मी त्या दिवसांत जमिनीपासून दोन बोटं वरून चालत असे.

आणि मग सिस्टरांच्या रुग्णालयातून पत्र आलं.

अतिदक्षता विभागात एक म्हातारे शिंपी होते. रक्तदाब फार खाली गेलेला, तो टिकवून धरणारं औषध आपल्या पंपातून चाललं होतं. असं औषध थेंबाने जास्त गेलं तरी भोवतं. सकाळी दहाच्या सुमारास त्यांचा रक्तदाब एकदम चढला. नुसता चढला नाही, दोनशेच्या वर गेला. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते मी बोलत नाही. त्यांनी नळी चिमटली, डॉक्टरांना हाक मारली, शिंपीबुवा वाचले. पत्रात सिस्टरांनी एक वाक्य लिहिलं होतं, ते मला आजही पाठ आहे. ‘बंद पडलेला पंप मी पुन्हा सुरू केला नव्हता. फक्त त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली होती, आणि माझ्यासमोर दट्ट्या आपणहून पुढे सरकला.’

आपणहून. आपल्या कारखान्यात या शब्दावर किती जणांनी विश्वास ठेवला असेल? आपला दुरुस्तीवाला माणूस गेला, पंप उघडला, त्याला काही सापडलं नाही. अहवालात त्याने दोन शब्द लिहिले: ‘वापरातील चूक’. ते दोन शब्द रुग्णालयात पोहोचले आणि तिथे सिस्टरांकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्या वेळी त्यांच्या नोकरीला अकरा वर्षं झाली होती आणि तोवर एकही ठपका नव्हता.

तीन आठवड्यांनी दुसरं पत्र. तोच वॉर्ड, पंप वेगळा, तक्रार तीच.

आता मात्र बैठक बोलावली गेली. हल्ली जिथे फाइली ठेवतो त्या लांबट खोलीत आम्ही सात-आठ जण बसलो होतो. अशा बैठकीत काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येकाची मान दुसऱ्याकडे वळलेली. दुरुस्ती विभागाला वाटत होतं, नर्स लपवतेय. भांडाराला वाटत होतं, मोटर पुरवणाऱ्याने खराब माल दिला. उत्पादनाला वाटत होतं, आरेखनात घोळ आहे. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. उत्पादनाचे तेव्हाचे व्यवस्थापक, म्हणजे आजचे आपले अध्यक्ष, माझ्याकडे बघून म्हणाले, बोर्ड तुमचा आहे, तुम्हाला काय वाटतं?

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘दोन्ही बोर्ड सहा नंबरच्या टेबलावरचे आहेत.’

त्या वेळी सोल्डरिंगला, म्हणजे बोर्डावर सुट्या भागांचे टाके घालायला, आठ टेबलं होती. सहा नंबरवर एक ताई बसायच्या. सगळे त्यांना सहा नंबरच्याच ताई म्हणत. दोन्ही बोर्डांवर त्यांचा शिक्का होता, हे खरं होतं. पण त्या सगळ्यांत वेगवान होत्या आणि निम्म्याहून जास्त बोर्ड त्यांच्याच हातून जात, हेही तितकंच खरं होतं. कुठलेही दोन बोर्ड उचला, दोन्ही त्यांचे निघण्याची शक्यता दांडगी. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? गणितात मला कधी कमी गुण पडले नाहीत. पण त्या खोलीत मला गणित नको होतं, दुसरं कोणीतरी हवं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला वांगं जवळच होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंना पॅकिंगला हलवलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, कुठला टाका कच्चा निघाला तो दाखवा. दाखवलात तर माझं काही म्हणणं नाही.’ मी म्हणालो, तपासणी चालू आहे. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी संगणकाकडे बघत राहिलो, तेव्हा कुठे गेल्या.

जरा पाणी घेतो.

हां. आता काकूंकडे येतो, नाहीतर म्हणाल सत्कार कोणाचा चाललाय.

त्या बैठकीत काकूही बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा पंप टेबलावर ठेवून बंद-चालू, बंद-चालू करायला सुरुवात केली. तीनशे वेळा केला. काहीही झालं नाही. मला हायसं वाटलं. मी मुद्दाम त्यांच्या टेबलावरून गेलो आणि म्हणालो, बघा काकू, पंप तर शहाण्यासारखा वागतोय. त्यांनी मान वर न करता सांगितलं की आपल्याकडे होत नाही याचा अर्थ एवढाच, की तिथे जे करतात ते आपण करत नाही आहोत. मग त्यांनी रुग्णालयात तीन दिवस बसायची परवानगी मागितली. आणि जाण्याआधी एक काम केलं. नोंदी ठेवणाऱ्या क्लार्ककडे जाऊन त्या बोर्डाच्या आरेखनात दोन वर्षांत झालेल्या सगळ्या बदलांची फाइल मागून घेतली.

हे मला क्लार्कने सहज सांगितलं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. काकूंना फाइल कशाला हवी? पंप बघायला निघालेल्या बाईने कागद कशाला बघावेत? त्या तीन दिवसांत मी दोनदा त्यांच्या रिकाम्या टेबलाजवळ गेलो, काहीतरी शोधतोय असं दाखवत. फाइल टेबलावर नव्हती. त्या ती बरोबर घेऊन गेल्या होत्या. क्लार्क माझ्याकडे बघून हसला तर मला वाटे, याला काहीतरी कळलंय. दुरुस्तीवाला माझ्याशी बोलेनासा झाला तर वाटे, याला सगळंच कळलंय. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

इकडे काकू वॉर्डात एका कोपऱ्यात, कोणाच्या पायात न येता, स्टुलावर बसून होत्या. सिस्टरांनी त्यांना पहिल्या दिवशी धड उत्तरंही दिली नाहीत, हे सिस्टरांनीच मला नंतर सांगितलं. बरोबरच आहे. ज्या कारखान्याने ‘वापरातील चूक’ म्हणून लिहून पाठवलं तिथलीच ही बाई. ही कशाला आली असेल, आणखी चुका शोधायला? काकूंनी त्यांना समजावायचा प्रयत्न केला नाही. सोबत नेलेला आपला एक पंप त्यांनी रिकाम्या खांबावर लावला, सिरिंजमध्ये निळ्या शाईचं पाणी भरलं, खाली पांढरा कागद ठेवला आणि बघत बसल्या.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या. बादली, फडकं. वायरी पायात येतात म्हणून भिंतीतले प्लग एकेक करून काढले, पुसलं, फरशी वाळली, आणि प्लग परत लावले. हे त्या रोज सकाळ-दुपार करत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करत. म्हणूनच ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पंपाला आत बॅटरी असते, तेवढा वेळ तो बॅटरीवर चालतो, त्यामुळे काही बिघडत नाही. पण काकूंनी नेलेला पंप आदल्या दिवसापासून भिंतीत लावलाच नव्हता, त्याची बॅटरी चार्ज होऊच दिली नव्हती. ती पार रिकामी झाली होती. मावशींनी इतरांबरोबर त्याचाही प्लग लावला आणि पांढऱ्या कागदावर निळा ठिपका पडला.

कोणी बटण दाबलं नव्हतं.

काकूंनी मावशींना विनंती केली, पुन्हा काढा, पुन्हा लावा. पुन्हा ठिपका. मावशी घाबरल्या, म्हणाल्या, मी काही केलं नाही हो. आपल्या पंपाने चार माणसांना ‘मी काही केलं नाही’ म्हणायला लावलं होतं, त्यातलं शेवटचं माणूस या मावशी. चौघांतल्या तिघी खरं बोलत होत्या.

घरच्या मंडळींसाठी आता दोनच मिनिटं तांत्रिक. पंपाला वीज आली की सगळं एकदम जागं होत नाही. क्रम असतो. आधी मेंदू, म्हणजे मुख्य चिप. मग नळीतले बुडबुडे, दाब वगैरे पाहणारे सेन्सर. सगळ्यांत शेवटी मोटर. मोटर आधी सुटू नये म्हणून तिच्या वाटेवर एक छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, त्याला आम्ही लोड स्विच म्हणतो. फाटकावरचा वॉचमनच म्हणा. मेंदूकडून एका बारीक तारेवर हुकूम आला तर दार उघडायचं, नाहीतर बंद ठेवायचं. आता विचार करा, वीज तर आली, पण मेंदू अजून झोपेत आहे. त्या तारेवर हुकूमही नाही आणि मनाईही नाही. तार अधांतरी. अशी तार आजूबाजूच्या विजेची जराशी झुळूक लागली तरी वर उचलली जाते आणि वॉचमनला वाटतं, हुकूम आला. तो दार उघडतो.

एरवी मेंदू पापणी लवायच्या आत उठतो, तेवढ्यात मोटर हलायलाही धजत नाही. पण बॅटरी रिकामी असली की येणारी वीज आधी तीच पिते, मेंदूला उठायला पाव सेकंद लागतो, आणि मोटरला मात्र थेट भिंतीतून भरपूर वीज मिळालेली असते. पाव सेकंद मोटर मोकाट. कारखान्यात हे कधी दिसलं नाही, कारण कारखान्यातल्या बॅटऱ्या नेहमी भरलेल्या; वॉर्डात मात्र रोज प्लग निघत आणि त्या उतरत.

चौथ्या दिवशी सकाळी काकूंनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन रेषा गोठवून ठेवल्या होत्या, एक मोटरच्या विजेची आणि एक त्या हुकमाच्या तारेची. हुकमाची रेषा डुलत डुलत वर चढली होती. काकूंनी पेन्सिलीचं टोक तिच्यावर ठेवलं.

‘या क्षणी ही तार कोणी धरली आहे?’

‘चिपने.’

‘चिप जागी आहे?’

‘नाही.’

‘मग कोणी धरली आहे?’

‘कोणी नाही.’

त्यांनी फाइल उघडली. जुन्या आरेखनात त्या तारेवर एक रेझिस्टर होता, तिळाएवढा. त्याचं काम एकच. कोणी हुकूम देत नसेल तेव्हा तार खाली, जमिनीशी धरून ठेवायची, म्हणजे दार बंद. नव्या आरेखनात तो नव्हता. बदलाच्या कागदावर माझी सही होती. काकूंनी विचारलं, का काढलास? मी म्हणालो, बोर्डावर जागा नव्हती, आणि चिपच्या माहितीपत्रकात लिहिलंय की ती ही तार आतूनच खाली धरते. काकू माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘उद्या बैठकीत तू सांगतोस की मी सांगू?’

मी म्हणालो, मी सांगतो.

सांगितलं मी. म्हणजे असं सांगितलं: माहितीपत्रक संदिग्ध होतं, चिप बनवणाऱ्यांनी नीट खुलासा केला नव्हता, कोणाचीही फसगत झाली असती. बैठकीने मान डोलावली. सुटल्यासारखं झालं सगळ्यांना. दोषी एक कागद निघाला होता, तोही परक्या कंपनीचा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सगळे पंप परत मागवले, रेझिस्टर परत बसवला. टाळ्या झाल्या. काकूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या पुन्हा बसल्या रिकाम्या बॅटऱ्या आणि निळी शाई घेऊन. एकशे बासष्ट वेळा काही झालं नाही. एकशे त्रेसष्टाव्या वेळी कागदावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पडला. मी म्हणालो, काकू, एवढं तर चालायचंच. त्या म्हणाल्या, कोणाच्या शरीरात चालायचं? तेव्हा कुठे कळलं की वीज फार झपाट्याने चढली, तर तार खाली धरलेली असूनही स्विचच्या पोटातूनच त्याला धक्का बसतो. मग तो धक्का गिळायला एक छोटा कपॅसिटर घातला, आणि क्रमच पक्का केला. मेंदू उठून ‘मी जागा आहे’ असं सांगत नाही, तोवर मोटरकडची वीज पुढे सोडायचीच नाही. त्यानंतर दोन हजार वेळा केलं. कागद पांढरा राहिला. चौदा वर्षं पांढराच आहे.

सिस्टरांच्या फाइलमधली खुलाशाची मागणी मागे घेतली गेली, कारण काकूंनी रुग्णालयाला स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं. सहा नंबरच्या ताईंचं मात्र काय झालं? काही नाही. त्यांच्यावर लेखी आरोप नव्हताच. मी तोंडाने बोललो होतो. तोंडी आरोप मागे घ्यायला कागद लागत नाही, आणि कागद नाही म्हणून कोणी घेतही नाही. त्या तीन महिने खोके चिकटवत होत्या. मग एक दिवस काकू गेल्या आणि त्यांना आपल्या विभागात घेऊन आल्या. का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘टाका दाखवा म्हणणारं माणूस मला हवंच होतं.’

आणि मी? मी वर चढत गेलो. आज आरेखन विभागाचा प्रमुख आहे. पण खरं सांगतो, चौदा वर्षं मी या बाईंच्या धाकात काढली. चोराच्या मनात चांदणं. माझा कुठलाही नवा बोर्ड हातात घेऊन त्या सहज विचारायच्या, ‘माहितीपत्रक पूर्ण वाचलंस ना?’ हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात. पण मला वाटे, मलाच विचारताहेत. चहाच्या वेळी मी त्यांच्या टेबलावर बसायचं टाळलं. त्यांच्या बढतीच्या वेळी माझं मत विचारलं गेलं. मी चांगलंच मत दिलं, आणि घरी जाताना स्वतःला विचारलं, हे त्यांच्या गुणांसाठी दिलं की त्यांचं तोंड बंद राहावं म्हणून? समोरच्यावर संशय घेणं सोपं असतं मंडळी, त्याचं समाधान करता येतं. स्वतःवरच्या संशयाला कुठल्या टेबलावर ठेवून तपासायचं?

कारण माहितीपत्रक संदिग्ध नव्हतं.

चिप ती तार आतून धरते, असं एका पानावर लिहिलं होतं. आणि त्याच पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, लिहिलं होतं की वीज पूर्ण येऊन चिप जागी झाल्यावरच ही सोय लागू होईल. ती ओळ मी वाचली होती. नुसती वाचली नव्हती, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. रेघ मारून स्वतःशी म्हणालो होतो, दोन-चार सहस्रांश सेकंदांनी काय होतंय. आणि रेझिस्टर काढला होता. तो रेघ मारलेला कागद बैठकीच्या दिवशी माझ्या ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवरला कुलूप होतं.

गेल्या सोमवारी काकू मला, नवी नेमणूक होईपर्यंत सांभाळायला म्हणून, विभागाच्या किल्ल्या आणि कपाटांची यादी द्यायला आल्या होत्या. देणं-घेणं झालं. निघताना मी त्यांना थांबवलं आणि चौदा वर्षं राहून गेलेलं विचारलं. ‘काकू, त्या माहितीपत्रकाचं... तुम्हाला माहीत होतं?’

काकूंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, ‘संशय होता. ते पत्रक मीही मागवून वाचलं होतं. तळटीप मला दिसली, तर तुला दिसली नसेल, हे पटेना. पण तू ती वाचली होतीस याचा पुरावा असला तर तुझ्या ड्रॉवरमध्ये असणार, आणि मी दुसऱ्यांचे ड्रॉवर उघडत नाही.’

मी म्हणालो, मग कधी विचारलं का नाही?

‘दर वेळी विचारत होते की,’ त्या म्हणाल्या. आणि यादीवर माझी सही घेऊन गेल्या.

त्यानंतर संयोजकांकडून मला कळलं की आजच्या वक्त्यांच्या यादीत माझं नाव काकूंनी स्वतः घातलं आहे. मला पुन्हा शंका आली. हा मान आहे की चाचणी? काकू, तुम्ही हसू नका. मला आता वाटतं, दोन्ही असेल. तुम्ही चौदा वर्षं प्रश्न टेबलावर ठेवून बसला होतात आणि उत्तरासाठी कोणाचं कुलूप तोडलं नाहीत. तुम्हाला माणसांवर विश्वास नाही असं मला वाटायचं. इतका विश्वास कोणी कोणावर टाकलेला मी पाहिला नाही.

अध्यक्षमहाराज, माझी वेळ संपल्याचं आपण दोनदा घड्याळाकडे बघून सुचवलंत, ते मी पाहिलं आहे. मी जे सांगितलं त्याचं कार्यालयीन जे काही व्हायचं असेल ते व्हावं. तो रेघ मारलेला कागद मी आज सकाळी आपल्या टेबलावर पाकिटात ठेवला आहे.

समारंभ घडवून आणणाऱ्या सहकाऱ्यांचे, दूरवरून आलेल्या काकूंच्या कुटुंबीयांचे आणि माझं हे लांबलेलं बोलणं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचे वेगळे आभार. त्या सकाळी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवलात आणि आमच्या अहवालावर ठेवला नाहीत, म्हणून एक माणूस चालत घरी गेला. खुलासा मात्र तुमच्याकडून मागितला गेला. तो द्यायला हवा होता मी.

आणि चौथ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला बसलेल्या ताई. येत्या सोमवारपासून तुम्ही काकूंच्या खुर्चीवर बसणार आहात. अशा भाषणाच्या शेवटी ‘बोलण्यात काही चुकलं असल्यास क्षमा करावी’ असं म्हणायची रीत आहे. बाकी सभागृहाची मी तशी क्षमा मागतो. तुमच्यापुढे मला ते ‘असल्यास’ वापरता येत नाही. टाका कच्चा नव्हता, ताई. एकही नव्हता. मला ते त्या बैठकीतच माहीत होतं. क्षमा करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि आजच ठरवायला हवं असंही नाही.

माझा पुढचा बोर्ड बुधवारी तुमच्या टेबलावर येईल. नीट तपासा.

नमस्कार.